आजचा दिवस उजाडलाच कसा?

पत्राचा सारांश:

पत्र लिहिणाऱ्या बाई ४४ वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. माहेरी देव्हारा नव्हता, वडील पक्के नास्तिक होते. सासर माळकऱ्यांचं. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. ते एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांची आषाढीची वारी चुकलेली नाही. एकोणीस वर्षं या घरात कुणी कुणाला टोकलं नाही. बाई हात जोडत नाहीत, अण्णा त्याबद्दल विचारत नाहीत.

यंदा बारावी झालेल्या मुलाने मोबाइलवर वादविवादाचे व्हिडिओ बघून एक युक्तिवाद घरात आणला. तो असा: भूतकाळ अनंत असता तर आजपर्यंत यायला अनंत दिवस ओलांडावे लागले असते. अनंत दिवस ओलांडून कधी संपत नाहीत. पण आजचा दिवस तर उजाडला आहे. म्हणजे काळाला सुरुवात आहे. जे सुरू होतं त्याला कारण असतं. तेव्हा विश्वाला काळाबाहेरचं एक कारण आहे, आणि तोच देव.

बाई लिहितात, “पहिलं पद दिल्याशिवाय श्रेढी लिहिता येत नाही, हे मीच दहावीच्या मुलांना सांगते. मला उत्तर सुचलं नाही. तो म्हणाला, ‘मग तुझं न मानणं हा नुसता हट्ट आहे.’ अण्णांनी विचारलं, ‘मग देवाला कुणी केलं रे?’ तर म्हणाला, ‘अण्णा, तुम्हाला मुद्दाच कळला नाही.’ अण्णा हसले, पण नंतर दोन दिवस जेवताना गप्प होते. आता पुरावा मिळाला म्हणून हा त्यांच्याबरोबर वारीला निघालाय. नवरा म्हणतो, सोड ना, वय आहे त्याचं. मला मात्र झोप लागत नाही. मी हरले म्हणजे माझे वडील हरले असं वाटतं. उत्तर देता येत नसेल तर प्रामाणिकपणे मी आता देव मानायला हवा का? आणि त्याला वारीला जाऊ द्यावं का?”

ताई,

आम्हा सल्ला देणाऱ्यांना एक खोड असते. ‘तुमचा खरा प्रश्न हा नाहीच’ असं म्हणायचं आणि माणसाच्या बालपणात शिरायचं. ते मी करणार नाही. तुम्ही गणिताच्या बाई आहात आणि तुम्हाला गणितानेच अडवलं आहे, तेव्हा आधी फळ्याकडे जाऊ. वडिलांकडे आणि वारीकडे नंतर येऊ.

फळ्यावर संख्यारेषा काढा. शून्य म्हणजे आज. काल −१, परवा −२. डाव्या टोकाला रोज काढता तो बाण काढा. आता खडू मुलाच्या हातात द्या आणि सांगा, “या रेषेवर असा एक दिवस दाखव, जिथून आजपर्यंत यायला अनंत दिवस लागतात.” तो −१००० दाखवील. तिथून आजपर्यंत हजार दिवस. चिडून −१,००,००,००० दाखवील. एक कोटी दिवस, म्हणजे साधारण सत्तावीस हजार वर्षं. लांब आहे, पण मोजता येतं. त्याने कितीही डावीकडे खूण केली तरी तिथून शून्यापर्यंतचं अंतर मोजता येईल इतकंच निघणार. रेषा डावीकडे संपत नाही हे खरं, पण ‘अनंत अंतरावरचा बिंदू’ असं तिच्यावर काही नाहीच.

मग ‘अनंत दिवस ओलांडायचे’ म्हणजे कुणी आणि कुठून? त्या वाक्यात एक प्रवासी लपून बसलाय. तो फार फार पूर्वी, एका पहिल्या दिवशी घरातून निघालाय आणि अजून पोचायचाय. पण ज्या भूतकाळाला सुरुवातच नाही, त्यात ‘निघाला’ हे क्रियापद बसत नाही. सुरुवात नसेल तर काय होईल हे तपासायला बसलेल्या मुलाने सुरुवात गुपचूप आत आणून ठेवली आहे.

तुमच्या श्रेढीचंही तसंच. पहिलं पद लागतं हे आपण सोयीसाठी सांगतो. दहावं पद आणि सामान्य फरक दिला तर श्रेढी सुटते की नाही? सुटते, आणि मागेही जाता येतं. …−९, −६, −३, ० ही मांडणी तुम्ही वर्गात लिहिली तर कुणी पोरगं उठून म्हणणार नाही की बाई, ही शून्यापर्यंत पोचलीच कशी.

पण इथे खडू खाली ठेवून टाळ्या घेऊ नका, कारण पोरगा हुशार दिसतोय आणि त्याच्या बाजूला याहून चांगली माणसं उभी आहेत. तो विचारील, “समज, एक माणूस अनादि काळापासून उलटे आकडे मोजत आलाय, आणि आज त्याने −३, −२, −१, शून्य म्हणून हुश्श केलं. मग तो आजच का संपला? काल का नाही? काल संपायलाही त्याच्याकडे तितकाच, म्हणजे अनंत, वेळ होता.” हा प्रश्न मला आवडतो. मला याचं एवढंच उत्तर येतं: ‘का’ सांगता येत नाही ही एक गोष्ट, आणि ‘असं होऊच शकत नाही’ ही दुसरी. त्याच्या युक्तिवादाला दुसरी हवी आहे आणि त्याच्या हातात पहिली आहे. तरी ते ‘का’ मनात टोचत राहतं. टोचू द्या.

हा युक्तिवाद मोबाइलमधून आला म्हणून त्याला थिल्लर समजू नका. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात जॉन फिलोपोनस नावाच्या ख्रिस्ती पंडिताने तो ॲरिस्टॉटलच्या अनुयायांविरुद्ध मांडला. पुढे बगदादमध्ये शिकवणाऱ्या अल-गझालीने (१०५८–११११) त्याला धार लावली. आजच्या व्हिडिओंमधलं रूप बहुतेक विल्यम लेन क्रेग या अमेरिकी तत्त्वज्ञाकडून येतं. त्याने १९७९ मध्ये या युक्तिवादावर पुस्तक लिहून तो पुन्हा चर्चेत आणला.

गझालीचं एक उदाहरण तर तुमच्या वर्गासाठीच केल्यासारखं आहे. शनीची एक फेरी साधारण तीस वर्षांची, सूर्याची एक वर्षाची (त्या काळच्या समजुतीप्रमाणे फिरत होता तो सूर्यच). भूतकाळ अनंत असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या. म्हणजे सूर्य तीसपट जास्त फिरला आणि तरी फेऱ्या सारख्याच! शिवाय, सांगा पाहू, त्या फेऱ्या सम की विषम? गझालीला यात अनंत भूतकाळाचं हसं झालेलं दिसलं. १६३८ मध्ये गॅलिलिओ याच कोड्यापाशी येऊन थांबला. १, ४, ९, १६ हे वर्ग नैसर्गिक संख्यांच्या मानाने कितीतरी विरळ, पण प्रत्येक संख्येला तिचा एक वर्ग, म्हणजे दोन्हीकडे सारखेच. त्याने ठरवलं की अनंताच्या बाबतीत कमी, जास्त, समान हे शब्द वापरूच नयेत. एकोणिसाव्या शतकात कँटर या जर्मन गणितज्ञाने ते पुन्हा वापरायला घेतले आणि त्यांचे अर्थ नव्याने ठरवून दिले: एकास एक संगती लागली की दोन संच सारखे. सांत, म्हणजे मोजून संपणाऱ्या, संचांत भाग पूर्णापेक्षा लहान असतो. अनंत संचांत तसं असायलाच हवं असं नाही. नववीच्या पहिल्याच प्रकरणात तुम्ही सांत संच आणि अनंत संच शिकवता, त्या दोन शब्दांमध्ये हा एवढा इतिहास घडी घालून ठेवलाय. आणि सम-विषम? तो प्रश्न ज्याला शेवटचा आकडा आहे त्यालाच विचारायचा.

एक उदाहरण घरचंच. भास्कराचार्यांचं बीजगणित बाराव्या शतकातलं. शून्याने भागलेल्या राशीला ते खहर म्हणतात, आणि सांगतात की या राशीत कितीही मिळवा, कितीही वजा करा, फरक पडत नाही. जसं प्रलयाच्या आणि सृष्टीच्या वेळी असंख्य जीव आत गेले-बाहेर आले तरी अनंत अच्युतात काही फरक पडत नाही. शून्याने भागणं आज आपण मान्य करत नाही, तो भाग सोडा. मौज अशी की ज्या गुणधर्माकडे बोट दाखवून गझाली ‘हे अशक्य’ म्हणाला, तोच गुणधर्म या माणसाला देवाच्या उपमेला योग्य वाटला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेव याने मठ उभा केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. शाळेची सहल एकदा तिकडे न्या.

आता तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघांनीही न बोलता मान्य केलेल्या गोष्टीकडे येतो. तुम्ही दोघं धरून चाललाय की काळाला सुरुवात असेल तर देव आहे, आणि नसेल तर नाही. परीक्षेत घाईत एका विषयाची पुरवणी दुसऱ्या विषयाच्या उत्तरपत्रिकेला बांधली जाते ना, तसं हे झालंय. दोरा सोडवून बघा.

टॉमस अक्वायनस हा तेराव्या शतकातला कॅथलिक संत. विश्वाला सुरुवात आहे असं तो मानायचा, कारण धर्मग्रंथ तसं सांगतो. पण ही गोष्ट बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असं त्याने ठणकावून लिहिलं. पॅरिसमधला त्याचा समकालीन बोनाव्हेंचर, तोही संतच, म्हणत होता की सिद्ध करता येते, आणि पुरावा म्हणून देत होता तो तुमच्या मुलाचाच युक्तिवाद. दोघंही आस्तिक, दोघंही १२७४ मध्ये वारले, आणि या एका पायरीवर त्यांचं जमलं नाही.

आपल्याकडे तर संसार अनादि आहे हे बहुतेक सगळ्याच दर्शनांना मान्य. ब्रह्मसूत्रांत तसं सूत्र आहे आणि त्यावर शंकराचार्यांनी बीज आणि अंकुराचा दाखला दिलाय. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ईश्वर मानतात; मडकं आहे तर कुंभार असणार, तसं पृथ्वी हे कार्य आहे तर कर्ता असणार, असं अनुमान ते करतात. उदयनाचार्यांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. तरी त्यांच्या मते परमाणू अनादिच. जैनही विश्व अनादि मानतात आणि कर्ता साफ नाकारतात. मीमांसक तर अजबच: वेद प्रमाण, यज्ञ हवेत, पण जगाचा निर्माता नको. कुमारिल भट्ट विचारतो, सृष्टीच्या आधी त्या निर्मात्याला शरीर तरी होतं का? तुमच्या घरी सत्यनारायण होत असेल तर गुरुजींचा संकल्प एकदा कान देऊन ऐका. ‘द्वितीये परार्धे, श्रीश्वेतवाराहकल्पे’. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं, तो ब्रह्मदेवाचा एक दिवस, आणि त्या ब्रह्मदेवाचंही अर्धं आयुष्य सरून दुसरं अर्ध चालू आहे. चौरंगासमोर बसलेल्या कुणालाही त्यामुळे नास्तिक व्हावंसं वाटत नाही.

विज्ञानातही हेच. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय दाट आणि तप्त अवस्थेतून प्रसरण पावत आलं, या महास्फोटाच्या कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन पाद्री होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या सिद्धांताचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला, तेव्हा नाराज झाला तो स्वतः लमेत्रच. भौतिकशास्त्राला त्याचं काम करू द्यावं, असं त्याचं म्हणणं. आणि आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांताशी भांडत राहिले. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला, ज्यात विश्वाला एकच एक सुरुवात लागत नाही. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. पण भांडण निरीक्षणांवरून झालं, हे लक्षात घ्या. शिवाय महास्फोटाच्याही आधी काय होतं, याबद्दल तो सिद्धांत बोलत नाही. त्या क्षणाजवळ त्याची समीकरणंच मोडतात.

तेव्हा उद्या काळाला सुरुवात आहे असं पक्कं ठरलं तरी तुमचं न मानणं ढासळत नाही, आणि सुरुवात नाही असं ठरलं तर अण्णांच्या तुळशीमाळेचा एक मणीही सुटत नाही.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे. ‘देवाला कुणी केलं?’ यावर मुलाने त्यांना गप्प केलं. तांत्रिकदृष्ट्या पोरगा बरोबर आहे: त्याचं वाक्य ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं नसून ‘जे सुरू होतं त्याला कारण असतं’ असं आहे, आणि देव सुरू झालेला नाही असं तो धरतो. पण अण्णांनी ज्या ठिकाणी बोट ठेवलं ते ठिकाण चुकलेलं नाही. कंडक्टरची नजर आहे ती.

समजा, खच्चून भरलेली एसटी आहे. अण्णा तिकीट मागतात. पहिला प्रवासी म्हणतो, “मागे काढलंय.” मागचा म्हणतो, “त्याच्या मागे.” त्याच्या मागचा तेच. गाडीला मागची सीटच नसेल, प्रवासी अनंत असतील आणि प्रत्येक जण मागे बोट दाखवत असेल, तर अख्ख्या गाडीत एकही तिकीट फाडलेलं नाही. इथे अनंत रांग चालत नाही. नैयायिक मागे मागे जाण्याच्या या दोषाला अनवस्था म्हणतात, आणि मुळावरच घाव घालणारी अनवस्था तेवढी दोष, असं परंपरेत सांगितलंय. आता दुसरी गाडी घ्या. तीही अनंत लांब, पण प्रत्येक जण आपापलं तिकीट दाखवतो आणि म्हणतो, मी या मागच्या माणसानंतर चढलो. पहिला कोण चढला ते सांगता येत नाही. विचित्र आहे, पण फुकट्या कुणी नाही. बीज-अंकुराची साखळी, बाप-मुलाची साखळी या दुसऱ्या गाडीतली. आजोबा वारले तरी नातू जगतो. त्याचं असणं दर क्षणाला मागून उसनं यावं लागत नाही. अक्वायनसनेही नेमका हाच फरक केला, म्हणून तर भूतकाळ अनंत असण्याचं त्याला वावडं नव्हतं.

तुमच्या मुलाने जी साखळी मांडली, कालच्या दिवसाआधी परवाचा, ती दुसऱ्या गाडीतली आहे. त्याला पहिल्या कारणाचा दमदार युक्तिवाद करायचा असेल तर काळ सोडून द्यावा लागेल आणि म्हणावं लागेल: आत्ता, या क्षणी, जे जे आहे ते सगळं उसन्या तिकिटावर आहे, मग मूळ तिकीट कुणाकडे? लाइब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाने १७१४ मध्ये विचारलेला ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ हा प्रश्न याच गाडीत बसलेला. मुलाचा पक्ष मीच बळकट करून देतोय हे मला कळतं. पण वाद घालायचा तर समोरच्याच्या चांगल्यात चांगल्या युक्तिवादाशी घालावा.

आणि इथेच अण्णा पुन्हा येतात. मुलगा म्हणतो, देवाला तिकीट लागत नाही, त्याच्याकडे पास आहे. बरं. कंडक्टर पास मानतो, पण बघतो. देवाकडे पास असू शकतो, तर मग विश्वाकडेच का नसावा? १९४८ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि कोपलस्टन नावाचा जेझुइट पाद्री यांचा वाद झाला, तो शेवटी इथेच अडला. रसेल म्हणत राहिला की विश्व आहे, बस. कोपलस्टन म्हणत राहिला की एवढं म्हणून थांबता येत नाही. दोघांपैकी कुणीही मत न बदलता घरी गेला. मला विचाराल तर विश्वाने पास दाखवलाय असं मला वाटत नाही, आणि देवाचा पास मी पाहिलेला नाही. मी या रांगेत तुमच्या पुढे-मागेच कुठे तरी उभा आहे.

‘उत्तर देता येत नसेल तर प्रामाणिकपणे मानायला हवं का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्गात आहे. दरवर्षी एखादा पोरगा १ = २ असं सिद्ध करून आणतो. त्याने कुठे तरी शून्याने भागलेलं असतं. ती ओळ सापडायला तुम्हाला पाच मिनिटं लागोत की पाच दिवस, तोवर तुम्ही एक आणि दोन सारखे मानता का? नाही. पण वही मिटून कपाटातही टाकत नाही. पटत नसलेल्या निष्कर्षाकडे जाणारी वाट बिनचूक दिसली, की वाट पुन्हा तपासायची, आणि निष्कर्षही थोडा बाजूला काढून ठेवायचा. याला हट्ट म्हणत नाहीत. तपासायला नकार देणं हा हट्ट झाला असता, आणि तुम्ही तर झोप घालवून तपासताय.

वडिलांबद्दल थोडंच लिहितो, कारण मी त्यांना ओळखत नव्हतो. पण स्वतःला विचारून बघा: त्यांनी देव नाकारला तो भूतकाळ अनंत आहे म्हणून का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे त्या पिढीतल्या माणसांची कारणं बहुधा दुसरी असत: देवाच्या नावाने होणारी लुबाडणूक, जातीची उतरंड, निरपराध माणसांचे हाल. तुमच्या मुलाचा युक्तिवाद शंभर टक्के खरा निघाला तरी त्यातल्या एकाही कारणाला तो हात लावत नाही. जेवणाच्या ताटावर तुम्ही वादात अडकलात, म्हणून ते हरत नाहीत.

आता घरात काय करायचं ते. मुलाला युक्तिवाद कागदावर लिहायला लावा, एका ओळीत एक पायरी. बोलताना जी पायरी घरंगळत निघून जाते ती लिहिताना अडते. मग प्रत्येक ओळीपुढे त्याला विचारा, ही ओळ चुकीची ठरली तर तू मत बदलशील का? ‘नाही’ म्हणाला तर युक्तिवाद शोभेपुरता आहे, हे त्याचं त्यालाच कळेल; आणि हाच प्रश्न त्यालाही तुम्हाला विचारू द्या. मग बाजू बदला. त्याने तुमची मांडायची, तुम्ही त्याची. आपल्या जुन्या ग्रंथकारांची ही रीतच होती: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, तोही असा मांडायचा की पूर्वपक्षवाल्याने ‘अगदी हेच म्हणायचं होतं’ म्हणावं, आणि मगच आपलं. व्हिडिओमध्ये हे सहसा सापडत नाही, कारण तिथे समोरचा हरलेला दिसणं महत्त्वाचं असतं. ऑफिसात डबा खाताना कुणी तरी असाच युक्तिवाद तोंडावर फेकतो आणि घरी येईपर्यंत डोकं गरगरतं, अशी पत्रं मला अधूनमधून येतात; त्यांनाही हेच सांगेन की उत्तर तिथल्या तिथे द्यायचा ठेका तुम्ही घेतलेला नाही. “लिहून दे, परवा बोलू” हे चांगलं उत्तर आहे.

‘मला माहीत नाही’ हे मुलासमोर म्हणायला घाबरू नका, फक्त नेमकं म्हणा. “तिसऱ्या ओळीपर्यंत मला पटतं, चौथीत ‘ओलांडणं’ या शब्दाचा अर्थ बदलतोय असं वाटतं, पाचवीबद्दल माहीत नाही.” कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८१ मध्ये विश्वाला सुरुवात आहे आणि नाही, या दोन्हींच्या सिद्धता समोरासमोर छापल्या आणि दाखवलं की बुद्धी इथे आपली हद्द ओलांडते. त्याचे पुरावे आज सगळ्यांना पटत नाहीत. पण एवढा मोठा माणूस ‘इथे अडतं’ म्हणून थांबला, तर हायस्कूलच्या बाईंनी थांबायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र यजमानांचं ‘सोड ना’ ऐकू नका. ‘तुम्हाला मुद्दाच कळला नाही’ या वाक्याबद्दल मुलाने अण्णांची माफी मागायला हवी. युक्तिवादाबद्दल नको, त्या वाक्याबद्दल. मी विशीत असताना माझ्या थोरल्या मामांना अशाच एका वादात ‘हरवलं’ होतं. ते उठून अंगणात गेले. कित्येक वर्षांनी माझ्या लक्षात आलं की ते हरले नव्हते, कंटाळले होते. पासाची गोष्ट मुलाला अण्णांकडूनच ऐकायला लावा. पस्तीस वर्षं फुकट्यांची थोबाडं बघितलेल्या माणसाला ‘मूळ तिकीट कुणाकडे’ हा प्रश्न कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगला कळतो.

आणि वारी. जाऊ द्या त्याला. तो म्हणतोय की पुरावा मिळाला म्हणून चाललो. त्याचा पुरावा सगळाच्या सगळा मान्य केला तरी हातात काय येतं? काळाबाहेरचं एक कारण. ते एकच आहे की अनेक, त्याला मन आहे की नाही, हेही त्यातून सरळ निघत नाही, मग त्याने कमरेवर हात ठेवून विटेवर उभं का राहावं हे तर दूरच. त्या कारणापासून पंढरपूरपर्यंतचं अंतर त्याला पायीच कापावं लागणार आहे, आणि ते कापताना अण्णा कुठला हिशेब करतात हे बघायला मिळालं तर वाईट काय? खुद्द गझालीने आत्मवृत्तात लिहिलंय की ऐन संशयाच्या दिवसांत, जवळजवळ दोन महिने, त्याला कशाचीच खात्री वाटेना; आणि तो त्यातून बाहेर आला तो युक्तिवाद जुळवून नव्हे, देवाने छातीत टाकलेल्या प्रकाशाने. तुम्हा-आम्हाला तो प्रकाश दिसला नसेल. पण युक्तिवादाचा बादशहाच जर असं लिहून गेला असेल, तर तुमच्या मुलाने वाटेत दोन अभंग ऐकले म्हणून तुमच्या घरचा विवेक बुडत नाही. तो न मानणारा होऊन परत येईल, माळ घालून येईल किंवा पायाला फोड आणून नुसताच झोपेल. तिन्ही वेळा तुम्ही त्याला गरम पाणी द्याल.

फोडांवरून आठवलं. हल्ली पोरं वारीसाठी कोरे बूट घेतात आणि पहिल्याच मुक्कामाला लंगडतात. बूट घेतलेच असतील तर निघायच्या आधी पंधरा दिवस रोज घालून मोकळे करायला सांगा, आणि घामाने ओले राहणारे सुती मोजे टाळा. बाकी काय काय न्यायचं ते अण्णांना विचारू द्या. बोलायला विषय तरी होईल.